उघडायची सोय

नीलव्वा बिराजदार पेन टेबलावर ठेवतात
आणि उभ्याउभ्याच सांगतात,
"शाई चालते. लाकूड चालत नाही."

नोंदणी कचेरीबाहेर, छत्रीखाली
दिवसाला तीस-चाळीस अर्ज लिहितात त्या :
विहिरीतला वाटा, बहिणीचं हक्कसोड, नावातला चुकलेला उकार.
अंगठा बसतो तिथलं पॉलिश पापुद्र्यानं निघालंय
आणि खालचं लाकूड घामानं काळं,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.

पेन माझंच, अकरा वर्षांपूर्वीचं.
पूर्व भागातला एक कारखाना मोडला तेव्हा
धोटे किलोवर घेतले होते मी, जळणाच्या भावात,
आणि एकेक धोटा लेथवर धरून पेनं काढली.
तेव्हा नवा होतो. गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचो,
"माझं पेन जन्मात सुटणार नाही."
सुटू नये म्हणून
जिथं थेंब पुरे तिथं चमचाभर सरस ओतलाय.
आज त्या फुशारकीशी
मीच पकड घेऊन झटतोय.
हलत नाही.
काम चांगलं झालं होतं. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

भर दुपारी पत्र्यावर ठेवून बघितलं.
मे महिना. इथलं ऊन डांबर वितळवतं,
मेणबत्त्या, माणसाचे निश्चय,
पण सरस नाही.
मग बंदेनवाजच्या भट्टीवर गेलो,
म्हणालो, शेंगा भाजायची वाळू दे, निवत आलेली.
"पेन भाजून खाणार काय?"
टोपण, निब, शाईची जीभ आधीच काढून ठेवली होती,
दांडी तेवढी वाळूत पुरली
आणि दोघं शेंगा सोलत बसलो
आतल्या सरसाचं मन वळेपर्यंत.

सायकलची तार, टोक घासून बोथट केलेली.
छोटी हातोडी.
ओकटी.
रेंडू.
मूडू.
बाकी सगळा हिशोब मराठीत, ठोके मात्र
वडिलांसारखे तेलुगूतच मोजतो मी.
नालुगूला पितळी कडं सुटलं
आणि त्याच्याबरोबर लाकडात
केसाएवढी चीर.

तिसऱ्यालाच थांबून पुन्हा वाळूत घालायला हवं होतं.
थांबलो नाही.

घासायला बसलो. आधी भरड कागद, मग बारीक.
अंगठ्याचा काळा डाग उतरत गेला,
पुरता नाही, मीही पुरता उतरवला नाही,
आणि अचानक मागाच्या तेलाचा वास.
वडील रात्रपाळीहून आले की
खुंटीवरच्या टॉवेलाला यायचा, तो.
थोडा वेळ कागद तसाच हातात.
मग पुढचं काम.

त्याच लाकडाचा भुसा त्याच चिरेत भरला,
वर पातळ सरसाचा थेंब. एकच.
पेन तिरकं धरलं तर चीर अजून दिसते.

कडं परत बसवताना हात बाटलीकडे गेला.
मागे घेतला.
घरातल्या जुन्या चादरीच्या दशीतनं एक धागा ओढून
कड्याला दोन वेढे दिले,
नळवाला देतो तसे,
आणि अंगठ्यानं दाबलं.
घट्ट बसलं.
जोर लावून पिळलं तर मात्र येईल.

शनिवारी नीलव्वा आल्या. चीर नखानं चाचपली.
"हे काय?"
"माझी घाई."
"परत बिघडलं तर?"
"तर तुम्हीच उघडा," म्हणून पिळून दाखवलं.
त्यांनी तिथंच दोनदा उघडलं, दोनदा बसवलं,
लहान पोरासारखं तिसऱ्यांदाही.

मग पावतीच्या पाठीवर चालवून बघायला
माझं आडनाव लिहिलं. येमुल.
"उकार दीर्घ आहे," मी म्हणालो,
"रेशन कार्डावरही चुकलाय."
"मग इतकी वर्षं गप्प का? अर्ज करा.
आणा कागद, लिहून देते."

खुर्ची ओढून बसल्या एकदाच्या,
आणि लिहायला लागल्या,
अंगठा
बरोबर त्याच जागी.